जुनं लेझर कटिंग मशीन विकताना हातात किती उरतं?

काष्टीच्या शनिवारच्या बाजारात गाय घेणारा माणूस दात पाहतो, कास पाहतो आणि मग म्हणतो, "धार काढून दाखवा." समोर दूध दिलेल्या गाईचा भाव वेगळा, आणि "घरी दहा लिटर देते" असं नुसतं सांगितलेल्या गाईचा वेगळा. श्रीगोंदा तालुक्यात हे कोणाला शिकवावं लागत नाही. पण वर्कशॉपमधलं लेझर कटिंग मशीन विकायची वेळ आली की हाच शहाणपणा बाजूला पडतो. मालक आधी मशीन बंद करतो, वर ताडपत्री टाकतो, गॅसचे सिलिंडर परत पाठवतो, ऑपरेटरचा हिशोब करतो आणि मग गिऱ्हाईक शोधायला लागतो. लाखांचं नुकसान होतं ते इथेच.

म्हणून पहिली गोष्ट अशी की मशीन चालू असतानाच विकायला काढा. नवं मशीन येणार असेल, तर त्याची ऑर्डर दिली त्याच आठवड्यात जुन्याची बोलणी सुरू करा. धंदा बंद करत असाल, तरी शेवटचं जॉबवर्क संपायच्या आत गिऱ्हाईक मशीनसमोर उभं राहिलं पाहिजे. सहा महिने बंद राहिलेल्या मशीनच्या चिलरमधलं पाणी खराब होतं, रॅकवर गंज येतो आणि उंदीर केबल कुरतडतात. यातलं काहीच झालं नसलं तरी घेणारा ते झालंय असं धरूनच भाव सांगतो.

भाव कुठून मोजायचा

मालकाच्या मनातला भाव खरेदीच्या बिलावरून निघतो. घेणाऱ्याच्या मनातला भाव आज तसंच नवं मशीन कितीला मिळतं यावरून निघतो. सौदा दुसऱ्या आकड्यावरच होतो, कारण तुमचं बिल घेणाऱ्याला बांधून ठेवत नाही. गेल्या काही वर्षांत फायबर लेझरच्या सोर्सच्या, म्हणजे किरण तयार करणाऱ्या भागाच्या, किमती खूप उतरल्या. आयपीजीसमोर रेकस, मॅक्सफोटॉनिक्स यांसारख्या चिनी कंपन्या आल्या आणि त्यांचे सोर्स बसवून मशीन बांधणारेही वाढले. त्यामुळे २०१९-२०चं बिल समोर ठेवून "निम्मे तरी द्या" म्हणण्यात अर्थ नाही. त्याऐवजी तेवढ्याच किलोवॉटच्या आणि तेवढ्याच बेडच्या नव्या मशीनची दोन कोटेशन्स मागवा. कोटेशनला पैसे पडत नाहीत. त्या रकमेतून घेणारा काय काय वजा करेल हे कागदावर मांडा: वॉरंटी नाही, सोर्स वापरलेला आहे, उचलून न्यायचा आणि पुन्हा बसवायचा खर्च आहे, शिवाय बँक जुन्या मशीनला सहजासहजी कर्ज देत नाही. उरेल तो तुमचा वरचा भाव.

खालचा भावही माहीत हवा. मशीनचा लोखंडी सांगाडा भंगारात किती जाईल ते काढा. बेड-गॅन्ट्री मिळून ३ टन भरत असेल आणि भंगाराचा दर किलोला ३० रुपये धरला, तर ९० हजार होतात. चालू सोर्स, कटिंग हेड, चिलर आणि स्टॅबिलायझर यांची वेगवेगळी किंमत त्यात मिळवा. याच्या खाली कोणी मागितलं तर बोलणं थांबवा.

मशीन कोणत्या जातीचं आहे यावरही बरंच अवलंबून आहे. पत्रा कापणारी जुनी सीओटू मशीनं, अगदी ट्रम्फ, बायस्ट्रॉनिक किंवा अमाडाची असली, तरी फायबरच्या तुलनेत पडत्या भावाने जातात. सीओटूचा किरण १०.६ मायक्रॉनचा असतो आणि तो आरशांवरून फिरवत न्यावा लागतो. फायबरचा किरण साधारण १.०७ मायक्रॉनचा असतो आणि काचेच्या तंतूतून थेट हेडपर्यंत पोहोचतो. आरसे पुसणं, त्यांची दिशा जुळवणं, सोर्ससाठी गॅसचं मिश्रण भरणं हे सगळं सीओटूत आलं. विजेचं बिलही मोठं येतं, कारण सीओटू सोर्स घेतलेल्या विजेपैकी साधारण दहा टक्केच किरणात उतरवतो आणि फायबर तीस टक्क्यांच्या पुढे जातो. मात्र ॲक्रिलिक, एमडीएफ आणि लाकूड फायबरने कापता येत नाही. काचेच्या नळीचं लहान सीओटू मशीन असेल, तर पत्र्याच्या वर्कशॉपमध्ये फिरू नका. बोर्ड, ट्रॉफ्या आणि सजावटीचं काम करणाऱ्यांकडे जा. नळी कधी बदलली याचं बिल मात्र जवळ ठेवा, कारण नळी ही संपणारी वस्तू आहे आणि घेणारा तिचे पैसे आधीच वजा करतो.

विकण्याआधी कशावर खर्च करावा

रंगावर नको. नव्या रंगाने जाणकार घेणारा सावध होतो आणि अडाणी घेणाऱ्याकडे एवढे पैसे नसतात. खर्च करायचा तो चाचणीवर.

कंपनीचा किंवा बाहेरचा सर्व्हिस इंजिनिअर एक दिवस बोलवा. सोर्स किती तास चालला याची नोंद सॉफ्टवेअरमध्ये असते, तिचा फोटो काढून ठेवा. त्यातही मशीन नुसतं चालू होतं ते तास आणि किरण प्रत्यक्ष सुटत होता ते तास यांत फरक आहे. घेणाऱ्याला दुसरा आकडा हवा असतो. पॉवर मीटर लावून हेडखाली खरंच किती वॉट येतात ते मोजून घ्या. २ किलोवॉटचा सोर्स १७०० वॉटच देत असेल, तर ते आधी तुम्हाला कळलेलं बरं. तांबं-पितळ बरंच कापलं असेल, तर परत उसळणाऱ्या किरणाने सोर्सला किंवा तंतूच्या टोकाला इजा झाली नाही ना, हेही तपासून घ्या.

मग धार काढायची. माइल्ड स्टील ऑक्सिजनवर, स्टेनलेस नायट्रोजनवर, तुमचं मशीन रोज कापतं त्या जाडीचे तुकडे गिऱ्हाइकासमोर कापा. १ मीटर बाय १ मीटरचा चौकोन कापून दोन्ही कर्ण मोजा, फरक असेल तर गॅन्ट्री वाकडी चालते आहे. २० मिलिमीटरचं भोक पाडून व्हर्नियर चार दिशांनी लावा. भोक अंडाकृती निघालं, तर रॅक-पिनियनमध्ये ढिलाई आहे. खालची कड बोटाने पाहा. बर चिकटत असेल, तर पुष्कळदा दोष सोर्सचा नसतो. नोझल झिजलेलं असतं, नाहीतर प्रोटेक्शन ग्लास डागाळलेली असते, आणि हे दोन्ही काही शे ते काही हजारांत बदलता येतं. एवढ्यासाठी भाव लाखाने पडू देऊ नका. चाचणीसाठी पत्रा, गॅस, दोन-चार ग्लासा, नोझलं आणि सिरॅमिक रिंग एवढं सामान काढून ठेवा. हा खर्च वसूल होतो.

सॉफ्टवेअरकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. सायपकटसारख्या प्रणालीचा डोंगल कुठे आहे? पॅरामीटरचा बॅकअप घेतला आहे का? हप्त्यावर घेतलेल्या काही मशीनमध्ये विकणाऱ्याने मुदतीचा पासवर्ड टाकलेला असतो, हप्ते फिटल्यावर तो कायमचा काढून घेतला आहे का? नेस्टिंगचं सॉफ्टवेअर वेगळं घेतलं असेल, तर त्याचा परवाना दुसऱ्याच्या नावावर होतो का, हे त्या कंपनीला लेखी विचारा. परवाना नावावर होत नसेल, तर तो विक्रीच्या यादीत धरू नका.

बँक आणि अनुदान

मशीन कर्जावर असेल, तर ते बँकेकडे तारण आहे. बँकेच्या ना-हरकत पत्राशिवाय विकलं, तर तो गुन्हा ठरू शकतो. शाखेतून आधी दोन आकडे घ्या: आजची थकबाकी आणि मुदतीआधी फेडण्याचं शुल्क. घेणाऱ्याने पैसे थेट तुमच्या कर्जखात्यात भरायचे आणि त्याच दिवशी बँकेने पत्र द्यायचं, अशी व्यवस्था दोघांनाही सुरक्षित ठेवते. कंपनी असेल, तर कंपनी निबंधकाकडचा बोजा उतरवण्याचा अर्जही ३० दिवसांत करावा लागतो.

पीएमईजीपीसारख्या योजनेतून मशीन घेतलं असेल, तर अनुदानाची रक्कम ३ वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकवलेली असते. त्या मुदतीत मशीन विकलं तर अनुदान परत जाण्याची पाळी येते. राज्याच्या योजनांच्या मंजुरीपत्रातही अटी असतात, ते पत्र शोधून वाचा. निर्यातीच्या अटीवर सीमाशुल्काची सवलत घेऊन मशीन आयात केलं असेल, तर निर्यातीचं बंधन पुरं होईपर्यंत ते दुसऱ्याला देता येत नाही.

जीएसटी: सगळ्यात जास्त चूक इथे होते

लेझर कटिंग मशीनचा एचएसएन ८४५६ आणि दर १८ टक्के. जुनं असलं तरी दर तोच. जुन्या गाड्यांना लागणारा फरकावरचा हिशोब ऐकून पुष्कळजण समजतात की मशीनलाही तसंच असेल. खरेदीच्या वेळी जीएसटीचं क्रेडिट घेतलं असेल, तर तसं नसतं. कायदा दोन रकमा काढायला सांगतो आणि त्यांतली मोठी भरायला लावतो.

पहिली रक्कम विक्रीच्या किमतीवर १८ टक्के. दुसरी रक्कम काढायची ती अशी: खरेदीच्या वेळी घेतलेलं क्रेडिट धरा, आणि खरेदीच्या बिलापासून उलटलेल्या प्रत्येक तिमाहीला, अर्धवट तिमाहीलासुद्धा, ५ टक्के वजा करा. २० तिमाह्या म्हणजे ५ वर्षं झाली की दुसरी रक्कम शून्य होते.

एक उदाहरण घेऊ. आकडे हिशोब समजावा म्हणून धरलेले आहेत. जून २०२२मध्ये मशीन ३० लाखांना घेतलं, वर ५ लाख ४० हजार जीएसटी, त्याचं क्रेडिट घेतलं. साडेतीन वर्षांनी, डिसेंबर २०२५मध्ये, ते १२ लाखांना विकलं. १२ लाखांवर १८ टक्के म्हणजे २ लाख १६ हजार. दुसऱ्या रीतीने १४ तिमाह्यांचे ७० टक्के वजा करून उरतात १ लाख ६२ हजार. मोठी रक्कम २ लाख १६ हजार. ती बिलात लावून घेणाऱ्याकडून घ्यायची आणि भरायची, खिशाला झळ नाही.

आता तेच मशीन चौदा महिन्यांतच १८ लाखांना विकावं लागलं असं धरा. विक्रीवरचा कर ३ लाख २४ हजार. पण तिमाह्या फक्त पाच, म्हणजे २५ टक्केच वजा, आणि दुसरी रक्कम येते ४ लाख ५ हजार. वरचे ८१ हजार तुमच्या खिशातून जातात. घेऊन वर्ष-दीड वर्ष झालेलं मशीन विकणाऱ्याने सौदा बोलण्याआधी सीएकडे अर्धा तास बसावं तो यासाठी.

घेणारा कोण आहे यावरही भाव हलतो. नियमित जीएसटी भरणाऱ्याला ते १८ टक्के क्रेडिटमध्ये परत मिळतात, म्हणून त्याच्यासाठी १२ लाखांचं मशीन १२ लाखांनाच पडतं. कंपोझिशनमधल्या किंवा नोंदणी नसलेल्या माणसाला तेच १४ लाख १६ हजारांना पडतं, आणि तो साहजिकच तेवढं घासाघीस करतो. त्यामुळे पहिल्याच फोनवर विचारा, "जीएसटी नंबर आहे का, आणि कोणत्या प्रकारचा?" भाव सांगताना "अधिक जीएसटी" हे दोन शब्द स्पष्ट उच्चारा आणि व्हॉट्सॲपवर लिहूनही पाठवा. ते राहून गेले म्हणून शेवटच्या दिवशी दोन लाखांवरून सौदे फिसकटतात.

"बिल कमी दाखवा, बाकीचे रोख देतो" असं कोणी म्हटलं तर सरळ नाही म्हणा. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेण्याला प्राप्तिकर कायद्यात मनाई आहे, आणि पकडलं गेलं तर जेवढी रोख घेतली तेवढाच दंड, तोही मशीन घेणाऱ्याला नाही, पैसे स्वीकारणाऱ्याला म्हणजे तुम्हाला.

प्राप्तिकरात मशीन एकटं नसतं

वह्यांत मशीनची किंमत दरवर्षी १५ टक्क्यांनी घटत जाते, पण ती वर्कशॉपमधल्या बाकी मशीनरीसोबत एका गटात धरली जाते. वरच्या उदाहरणातले ३० लाख तीन वर्षांच्या घसाऱ्यानंतर साधारण १८ लाख ४२ हजारांवर येतात. त्यातून विक्रीचे १२ लाख गेले की ६ लाख ४२ हजार उरतात. गटात प्रेस ब्रेक, वेल्डिंग सेट, कॉम्प्रेसर असं काही शिल्लक असेल, तर या उरलेल्या रकमेवर पुढेही घसारा मिळत राहतो. पण त्याच वर्षात सगळीच मशीनरी विकून गट रिकामा झाला, तर हा तोटा अल्पमुदतीचा भांडवली तोटा ठरतो. तो धंद्याच्या नफ्यातून वजा होत नाही, फक्त भांडवली नफ्यातून होतो. शेड रिकामी करायचीच असेल, तरी मार्चच्या आत सगळं एकदम विकायचं की एखादं मशीन पुढच्या वर्षात न्यायचं, हे आधी ठरवा.

उचलणं आणि नेणं

सौदा "जागेवर" आहे की "गाडीत भरून" आहे, हे पहिल्या दिवशी ठरलं पाहिजे. जागेवर म्हणजे खोलणं, उचलणं, भरणं, विमा सगळं घेणाऱ्याचं. गाडीत भरून म्हणजे तुमच्या दारात ट्रकवर चढेपर्यंत तुमचं. दोन्हींत फरक मोठा आहे.

खोलायचं काम ऑपरेटरवर सोपवू नका, इंजिनिअरच हवा. या मशीनमधला सगळ्यात नाजूक भाग सोर्सपासून हेडपर्यंत जाणारा तंतू आहे. हेडमधून तो काढताना टोकावर धुळीचा एक कण बसला, तर पुढच्या वेळी किरण सोडताच टोक जळतं. टोकाला टोपी लावायची, तंतूला ठरलेल्यापेक्षा लहान वळण द्यायचं नाही आणि शक्यतो हे काम पंखे बंद करून, धूळ नसलेल्या वेळी करायचं. श्रीगोंद्यात उन्हाळी वाऱ्याच्या दुपारी शेडची दारं उघडी ठेवून तंतू काढू नका, एवढं मी हात जोडून सांगेन. चिलरमधलं पाणी पूर्ण काढा, गॅन्ट्रीला वाहतुकीचे क्लॅम्प लावा, प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना एकच नंबर चिकटवा आणि खोलण्याचा सलग व्हिडिओ काढा. पुढे जोडणीत वाद झाला तर तो व्हिडिओच साक्षीला येतो.

साधं उघडं मशीन २-३ टनांचं असलं तर हायड्रा क्रेन आणि एक ट्रक पुरतो. बंदिस्त केबिन आणि शटल टेबलवालं मशीन ८-१० टनांवर जातं आणि लांबीला मोठी गाडी लागते. गाडीवरचा माल २.६ मीटरपेक्षा रुंद झाला की तो अवजड-आकाराचा माल ठरतो, म्हणून बाजूची कव्हरं आणि पायऱ्या काढून रुंदी आधी मोजा. ई-वे बिल राज्यातल्या राज्यात १ लाखावर लागतं, राज्याबाहेर ५० हजारांवर. त्याची मुदत साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस, म्हणजे अहिल्यानगर, सुपे, रांजणगाव, भोसरी, चाकण कुठेही गाडी एका दिवसाच्या बिलात पोहोचते. अवजड-आकाराच्या मालाला मात्र २० किलोमीटरला एक दिवस धरतात.

गळीत हंगामात हे काम काढू नका. नागवडे आणि कुकडी कारखान्यांची धुराडी पेटली की रस्त्यावर उसाच्या जोड-ट्रॉल्या असतात, आणि हायड्रावाला आज येतो म्हणून परवा येतो. शिवाय ट्रॉल्या, नांगर, शेतीची अवजारं बनवणाऱ्यांचं काम हंगामाआधीच्या महिन्यांत जोरात असतं. मशीन घेण्याची निकड त्यांना तेव्हाच असते.

वरच्या १२ लाखांच्या सौद्यात खर्च साधारण असा धरता येईल. दलाली २ टक्के म्हणजे २४ हजार, इंजिनिअरची चाचणी आणि खोलणं मिळून २५ हजार, हायड्रा आणि माणसं २० हजार, सुटे भाग आणि गॅस २४ हजार, सीए आणि कागदपत्रं ७ हजार. एकूण १ लाख. तुमच्या गावचे दर घालून हीच यादी करा. गाडीत भरून १२ लाख देणारा आणि जागेवरून साडेअकरा लाख देणारा यांत कोण परवडतो ते तेव्हाच कळेल.

कोणाला विकायचं, पैसे कसे घ्यायचे

चांगलं गिऱ्हाईक बहुधा जाहिरातीतून येत नाही. तुम्हाला गॅस पुरवणारा, नोझल-ग्लास विकणारा आणि सर्व्हिस इंजिनिअर ही तीन माणसं नगर, सुपे, रांजणगाव पट्ट्यातल्या प्रत्येक वर्कशॉपमध्ये जातात. कोण वाढवतोय आणि कोणाला दुसरं मशीन हवंय हे त्यांना माहीत असतं. त्यांना आधी सांगा, आणि सौदा झाला तर काय द्याल तेही सांगून टाका. भोसरीतल्या जुन्या मशीनच्या व्यापाऱ्याला विकलं तर पैसे लवकर मिळतात, पण त्याचा नफा तुमच्या भावातून जातो. नवं मशीन देणारी कंपनी जुनं बदल्यात घेते तेव्हा दोन वेगळे आकडे मागा: जुनं न देता नव्याची किंमत किती, आणि जुन्याची किती. एकत्र आकड्यात जुन्याला "चांगला भाव" दाखवून तो नव्यात वसूल करणं फार सोपं असतं.

इसार घेताना त्याची मुदत लिहा. करारात "जसं आहे, जेथे आहे" ही अट, चाचणीत कापलेल्या तुकड्यांची नोंद, सोर्सचे तास, सोबत जाणाऱ्या वस्तूंची यादी आणि न जाणाऱ्यांचीही यादी घाला. गॅसची ड्युरा टाकी पुरवठादाराची असेल, तर ती सौद्यात नाही हे लिहूनच ठेवा. मुद्रांकासाठी वकिलाला विचारा, कारण ऑक्टोबर २०२४पासून राज्यात बहुतेक करारनाम्यांना १०० रुपयांचा कागद चालत नाही, ५००चा लागतो. पूर्ण रक्कम आरटीजीएसने आपल्या खात्यात जमा झालेली स्वतः बँकेत किंवा बँकेच्या ॲपवर पाहिल्याशिवाय हायड्राला हात लावू देऊ नका. मोबाइलवर दाखवलेला स्क्रीनशॉट आणि न वटलेला चेक म्हणजे पैसे नव्हेत.

मशीन गेल्यावर

ट्रक दौंड रस्त्याला लागला की त्याच आठवड्यात तीन कामं करा. विमा कंपनीला कळवून मशीनचा विमा बंद करा आणि उरलेल्या मुदतीचा परतावा मागा. गॅसवाल्याकडची अनामत परत घ्या. आणि महावितरणकडे मंजूर भार कमी करण्याचा अर्ज द्या. मशीन, चिलर आणि कॉम्प्रेसरसाठी वाढवून घेतलेल्या भारावर दर महिन्याला स्थिर किंवा मागणी आकार लागतो, आणि शेडमध्ये एक दिवासुद्धा लागला नाही तरी तो येत राहतो. अर्जाची पोच घ्या आणि पुढची दोन बिलं तपासा.